आजोळच्या घरात चार लाखांत हॉरर फिल्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची फिल्म ७४ मिनिटांची आहे. कुडाळ तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या घरात १४ दिवसांत शूट केली आणि तेव्हापासून लग्नात, एसटीत, रात्री अकराला फोनवर, जिथे भेटतील तिथे पोरं तेच तेच विचारतात. सगळ्यांना नीट सांगायची मनापासून इच्छा असते पण दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. ज्याला जे हवं ते वाचा, पण साउंडचं उत्तर कोणीही गाळू नका.

खरंच चार लाखांत झाली?

चार लाख दहा हजार. हिशोबाची वही अजून आहे. ॲक्टर पाच, प्रत्येकी १५,००० म्हणजे ७५,०००. साउंड रेकॉर्डिस्ट स्वतःच्या किटसकट ६०,०००. पुण्याहून येणंजाणं आणि तिथलं फिरणं ५८,०००. जेवण ५२,५००, म्हणजे रोज पंधरा माणसं आणि माणशी अडीचशे. शेवटचं साउंड मिक्सिंग ४५,०००. कॅमेरा मित्राचा होता, लेन्स भाड्याने आणल्या, ४२,०००. लाइट ३६,०००, मेकअप आणि रक्त १८,०००, हार्डडिस्क १४,०००, आणि जनरेटरचं डिझेल वगैरे ९,५००. घराचं भाडं शून्य कारण घर मामाचं. एडिट मी स्वतः केलं, सात महिने लागले, त्याचे पैसे यात धरलेले नाहीत.

आता यात बघा, साउंडचे दोन्ही मिळून एक लाख पाच हजार झाले आणि कॅमेरा-लाइट मिळून अठ्ठ्याहत्तर. नव्वद टक्के पोरं हे उलटं करतात, आधी कॅमेरा बुक करतात, मग उरलेल्या पैशात साउंड बसवायला बघतात आणि तिथेच फिल्म मरते.

आधी गोष्ट लिहायची की आधी जागा शोधायची?

आधी जागा. माझं यावर ठाम मत आहे.

आपल्याकडे पैसा असता तर गोष्ट लिहून मग तिला शोभेल असा वाडा शोधला असता, नाहीतर सेट लावला असता. पैसा नाही तर जी जागा फुकट आहे, जिथे रात्री दोनला पण कोणी बाहेर काढणार नाही, जिचा कोपरान् कोपरा आपल्याला माहीत आहे, तीच आपली इस्टेट, गोष्ट तिच्यातूनच काढायची. २००७ ची पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी डायरेक्टरने सॅन दिएगोमधल्या स्वतःच्याच घरात सात दिवसांत केली, साधारण १५,००० डॉलरमध्ये. २०२२ ची स्किनामरिंक कॅनडात एडमंटनला डायरेक्टर जिथे लहानाचा मोठा झाला त्या घरात झाली, आणि ती बघताना कळतं की ह्या माणसाला रात्रीचा तो पॅसेज लहानपणापासून पाठ आहे. आपल्याकडे लपाछपी (२०१७) बघा, त्यातली अर्धी भीती उसाच्या फडाची आहे. ऊस महाराष्ट्रात कुठे नाही? पण फडात शिरलं की चार पावलांवर रस्ता दिसत नाही आणि पात्यांचा आवाज चारी बाजूंनी येतो, हे उसाजवळ वाढलेल्या कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

आमचं सांगतो. आजोळच्या घराला माजघरावर लाकडी माळा आहे. लहानपणी आम्ही भावंडं माजघरात ओळीने झोपायचो आणि रात्री माळ्यावर मांजर चाललं तरी फळ्या वाजायच्या, आणि खाली झोपलेल्याला कुठून कुठे गेलं ते बरोबर कळायचं. माणूस चालला तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेरा पावलं होतात, मी मोजलीयत. तेराव्याला भिंत. आमच्या फिल्ममध्ये चौदावं ऐकू येतं. बास, एवढ्यावर ७४ मिनिटं उभी आहेत. भूत असं आम्ही शेवटपर्यंत दाखवलंच नाही, त्याचा मेकअप नाही, त्याचं व्हीएफएक्स नाही.

तेव्हा तुमच्याकडे काय आहे ते बघा. बंद पडलेली गिरण, सोसायटीची पाण्याची टाकी, काकाचं एसटी स्टँडमागचं लॉज, मावशीची चाळीतली खोली. तिथे एक रात्र एकट्याने लाइट बंद करून बसा आणि काय ऐकू येतं ते वहीत लिहा.

भूत कुठलं घेऊ?

आपल्याकडे एवढी आहेत की बाहेरून आणायची गरजच नाही. मुंजा, हडळ, खवीस, जखीण, गिरा, चकवा, वेताळ, ब्रह्मसमंध. आणि प्रत्येकाचे नियम ठरलेले आहेत, कमी बजेटमध्ये हे नियमच कामाला येतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. झाड एक, पात्र एक, त्याचं दुःखही आयतं. चकवा लागला की माणूस ओळखीच्या वाटेवर फिरत राहतो आणि परत तिथेच येतो, म्हणजे एकाच शेताच्या बांधावर अख्खी फिल्म होऊ शकते! कोकणातला देवचार तर भूत कमी आणि गावाचा राखणदार जास्त, रात्री काठी घेऊन फिरतो असं मानतात, त्याला चपला वाहतात. असं काहीतरी जे घाबरवतं पण ज्याच्यावर गावाची श्रद्धाही आहे, ते मला नुसत्या पांढऱ्या डोळ्यांच्या बाईपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

एक गोष्ट कळकळीची. एकटी म्हातारी, विधवा बाई, तिला गावाने डाकीण ठरवलं आणि शेवटी ती खरंच डाकीण निघाली, अशी स्क्रिप्ट मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी ऐकवतं. करू नका. नंदुरबारसारख्या भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय, जीव गेलेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच आलेला नाही, त्याच्या आधी डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. भुताची गोष्ट सांगायला कायद्याची आडकाठी नाही, पण आपली गोष्ट कोणाच्या हातात दगड देते का हे लिहितानाच बघायला हवं. आणि फिल्मच्या प्रसिद्धीसाठी ‘खरा भगत’ आणून अंगात आणल्याचे व्हिडिओ वगैरे अजिबात नको.

मोबाईलवर शूट केलं तर चालेल?

चालेल. पण ऑटोवर ठेवून नाही. मॅन्युअल कंट्रोल देणारं ॲप घ्या, एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर अंधारात कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळं दाणेदार राखाडी दिसायला लागतं.

आणि शटर, म्हणजे एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/५० सेकंदावर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. मोबाईल बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० वर असतो, मग फ्रेममध्ये काळे पट्टे सरकतात. २४ किंवा २५ फ्रेम आणि १/५० शटर केलं की गेले. आमचा पहिल्या रात्रीचा एक अख्खा सीन ह्याच्यामुळे फुकट गेला कारण न्हाणीघरातला बल्ब आदल्या दिवशी कोणीतरी बदलला होता आणि आम्ही टेस्ट केली नाही. प्रत्येक बल्ब आधी रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर बघा.

कॅमेरा हलवायचा असेल तर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, पाहिजेच असं नाही. मालेगावच्या फिल्मवाल्यांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीचा क्रेन केला, त्यांच्यावरची २००८ ची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंट्री जरूर बघा. पण माझा सल्ला, हलवूच नका. ट्रायपॉडवर शॉट लावा आणि थांबा. स्थिर फ्रेममध्ये प्रेक्षक स्वतः कोपरे शोधायला लागतो, दाराच्या फटीकडे बघत बसतो, आणि आपण काहीही न करता तो घाबरत असतो.

रात्र कशी दाखवायची? आमच्याकडे लाइट नाहीत.

अंधार दाखवायला लाइट लागतो हे पहिल्यांदा पटत नाही. नुसत्या काळोखात काळं काहीच दिसत नाही, फक्त ग्रेन, म्हणजे दाणे, दिसतात. कुठेतरी एक उजेडाचा तुकडा हवा, म्हणजे बाकीचं काळं वाटतं. आमच्याकडे दोन एलईडी पॅनल, थर्माकोलच्या चार शीट आणि भरपूर काळं कापड होतं. काळं कापड जास्त लागलं. पॅनल माजघराच्या खिडकीबाहेर माडाला बांधला, त्याच्यापुढे झावळी धरली, आणि आत भिंतीवर सावल्या हलल्या की तेवढी रात्र पुरे. आत कंदील नाहीतर देवघरातली समई, ती फ्रेममध्ये दिसते म्हणून उजेड कुठून येतोय असा प्रश्न पडत नाही. समईच्या वाती मात्र जाड करायच्या, तीन-चार एकत्र वळून.

बाहेरचे लांबचे शॉट आम्ही रात्री घेतलेच नाहीत. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, तेव्हा घरात दिवे लावून घेतले. रोज तेवढाच वेळ मिळतो, म्हणजे रोज दोन शॉट, म्हणून चौदा दिवसांत विभागून ठेवले होते. झाडीतले काही शॉट भर दुपारी घेऊन दोन स्टॉप अंडर केले, म्हणजे मुद्दाम अंधारे घेतले, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) ३२०० वर ठेवला की निळसर होतं, फक्त फ्रेममध्ये आकाश येऊ द्यायचं नाही, आलं की चोरी पकडली जाते.

साउंडवर एवढा जोर का?

कारण चित्र थोडं खराब असलं तर लोक त्याला स्टाइल समजतात, आवाज खराब असला तर उठून जातात. आणि हॉररमध्ये तर आवाज म्हणजेच भूत. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

सेटवर: फॅन बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायला कोणी विसरत नाही (मामीचं दूध एकदा नासलं तेव्हा हे शिकलो). खोली घुमत असेल तर भिंतींना गोधड्या लावा, गोधडीसारखं स्वस्त आणि चांगलं काही नाही. प्रत्येक खोलीत सीन झाल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी थांबून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. हे कंटाळवाणं वाटतं, लाइटवाला कुरकुरतो, पण एडिटमध्ये हेच एक मिनिट हजार भोकं बुजवतं.

आमची मोठी चूक सीझनची. सप्टेंबरमध्ये गेलो कारण हिरवं छान दिसतं. रात्र झाली की बेडूक आणि रातकिडे असे काही सुटायचे की संवाद कुजबुजीत घेताच येईनात, पहिल्या दोन रात्रींचे सगळे संवाद नंतर डब करावे लागले. तिसऱ्या रात्रीपासून रेकॉर्डिस्टने युक्ती केली, टेक ओके झाला की लगेच ॲक्टरला माजघरातल्या आतल्या खोलीत नेऊन, दारं लावून, गोधडीखाली तेच संवाद परत बोलायला लावायचा. ताजं असतं तोवर सूर तोच लागतो. पुण्यात दोन महिन्यांनी तो सूर लागत नाही. आणि त्याच बेडकांचा आम्हाला नंतर फायदा झाला, कारण चौदाव्या पावलाच्या आधी आम्ही ते एकदम बंद केले. थिएटरमध्ये त्या शांततेला लोक खुर्चीत सरसावून बसतात.

ती पावलं मिळवायला चार रात्री गेल्या. मावसभाऊ माळ्यावर अनवाणी चालला, ओल्या पायांनी चालला, पायाला गोणपाट बांधून चालला, टाच घासत चालला. रेकॉर्डर खाली माजघरात, आम्ही लहानपणी जिथे झोपायचो तिथेच, उशीच्या जागी. ऐकलं तेव्हा कळलं की साठ-सत्तर टेकमध्ये सगळ्यात वाईट, म्हणजे सगळ्यात भीतीदायक, तो होता ज्यात तो दमून जरासा रेंगाळला होता. आवाज वाढवायची गरज नसते, चाल बदलली की माणूस ओळखीचा राहत नाही.

बाकी फोलीचं, म्हणजे नंतर वेगळे रेकॉर्ड करून बसवायच्या आवाजांचं, सामान भाजीबाजारात मिळतं. हाड मोडायला मुळा नाहीतर शेवग्याची शेंग, ओल्या फडक्यात गुंडाळून. मांसाला पिकलेलं कलिंगड. नखांना करवंटी.

रक्त कसं बनवता?

केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं ते घ्या, साखरेचा पाक थोड्या वेळाने दाणेदार होतो. त्यात लाल खायचा रंग, थोडी कोको पावडर आणि निळ्याचा एकच थेंब. कोकोशिवाय ते रक्त दिसत नाही, रूह अफजा दिसतं. बीट वापरू नका, तासाभरात गुलाबी पडतं. तोंडात जाणार नसेल तर भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब घाला म्हणजे कपड्यावरून धुताना त्रास कमी.

आणि मुंग्या! कोणी सांगत नाही हे. ओटीवर रक्ताचं थारोळं केलं, फ्रेम लावली, लाइट नीट होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली आणि बघतो तर काळ्या मुंग्यांची रांग खांबावरून उतरून थेट थारोळ्यात, आणि त्यात आमची ॲक्ट्रेस आडवी. तेव्हापासून जमिनीवरचं आणि भिंतीवरचं रक्त कॉर्नफ्लॉवरची पातळ खळ शिजवून, तिच्यात रंग टाकून करतो, गोड काही नाही. अंगावरचं गोड रक्त शॉटच्या अगदी आधी लावायचं. ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर काम सोपं, १९६८ साली रोमेरोच्या झोंबी फिल्ममध्ये चॉकलेट सिरपच वापरलं होतं.

ॲक्टर कुठून आणले?

दोन पुण्याचे, प्रायोगिक नाटकं करणारे. तीन तिथलेच, दशावतारात काम करणारे. दशावतारी माणूस रात्रभर उभा राहतो, संवाद आयत्या वेळी रचतो, स्वतःचा मेकअप स्वतः करतो आणि त्याचा आवाज माईकशिवाय खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, टोकापर्यंत जातो. कॅमेऱ्यापुढे त्यांना फक्त एकच सांगावं लागलं, की प्रेक्षक हातभर अंतरावर बसलाय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते बघून पुण्याचे दोघे सीन नसला तरी कॅमेऱ्यामागे येऊन बसायचे. तुमच्याकडे तमाशा असेल, झाडीपट्टी असेल, भारूड करणारी मंडळी असतील. त्यांना पैसे द्या. ‘संधी देतोय’ असं म्हणू नका, ते आपल्याला संधी देत असतात.

ॲक्टर खरंच घाबरावेत म्हणून न सांगता काही करावं का?

नाही. ब्लेअर विच प्रोजेक्ट ह्या हॉरर फिल्मवाल्यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवस जंगलात ॲक्टरना रोज खाणं कमी करत नेलं, ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला ती कौतुकाची वाटत नाही. आपल्याकडे सेटवर डॉक्टर नाही, इन्शुरन्स नाही, तो माणूस आपल्यावर विश्वास ठेवून रात्री विहिरीच्या काठावर उभा आहे. त्याला सगळं सांगा, रिहर्सल करा. ज्याला माहीत आहे तोच नीट घाबरतो, परत परत, सहा टेक.

ह्याच्यातच सांगतो, कोकणात रात्री शूट म्हणजे फुरसं आणि घोणस धरूनच चाला. गमबूट, मोठ्या बॅटऱ्या, गवतात कोणी बसायचं नाही. सापाची लस असलेलं जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं ते आधी जाऊन विचारून या आणि एक गाडी रात्रभर मोकळी ठेवा, तिचा ड्रायव्हर झोपलेला असला तरी चालेल, दुसऱ्या कामाला गेलेला नको. बारा तासांच्या वर शिफ्ट नाही. आम्ही संध्याकाळी पाच ते पहाटे चार करायचो, रात्री साडेबाराला गरम जेवण, पेज आणि उकड्या तांदळाचा भात, मासे असले तर मासे. मामी आणि वाडीतल्या दोघी करायच्या, त्यांचे पैसे रोजच्या रोज. हिंदी हॉररवाल्या रामसे बंधूंनी १९७२ ची दो गज जमीन के नीचे महाबळेश्वरला केली तेव्हा घरचेच भाऊ कॅमेरा, साउंड, एडिटिंग बघत होते आणि स्वयंपाकालाही घरचीच माणसं होती. छोट्या फिल्मची गाडी स्वयंपाकघरावरच चालते.

परमिशन लागतात का? गावात कोण विचारतं?

गावातच जास्त विचारतात, आणि बरोबर आहे त्यांचं. घरमालकाचं लेखी संमतीपत्र, घर मामाचं असलं तरी, कारण उद्या फिल्म विकायची झाली तर तो कागद मागतात. ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस पाटलांना भेटून सांगणं, आणि पोलीस स्टेशनला तारखांसकट अर्ज. तिसऱ्या रात्री आमची ॲक्ट्रेस किंचाळली आणि पाच मिनिटांत वरच्या वाडीतले आठ-दहा जण बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन खळ्यात! त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आम्ही फक्त खालच्या वाडीत सांगितलं होतं. मी त्यांची माफी मागितली, चहा केला, आणि खरं सांगतो, बाई ओरडल्यावर आठ माणसं झोपेतून उठून धावत आली याचं मला फार बरं वाटलं.

शूटच्या आदल्या दिवशी आजीने मला सरळ सांगितलं, ‘आधी गाऱ्हाणा घाल, मगे काय ता कर.’ गावच्या मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने विनवणी, घातलं, सगळं युनिट ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. तुमची श्रद्धा असो नसो, ज्यांच्या जागेत आपण भुताची गोष्ट करतोय त्यांच्या रीतीने सुरुवात करायची. त्या दिवसानंतर गावात आम्हाला कोणी परकं म्हणालं नाही.

किल्ला हवा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि फी, ती आधी काढा, आयत्या वेळी मिळत नाही. कुत्रा, मांजर, कोंबडा, काहीही प्राणी असेल आणि फिल्म सेन्सॉरला जाणार असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचे कागद लागतात. आम्ही मांजर फक्त ऐकवलं. ड्रोनचे नियम वेगळे आहेत, किनाऱ्याजवळ तर विचारल्याशिवाय उडवूच नका.

फुटेज कसं सांभाळायचं?

दोन डिस्कवर, रोज, झोपायच्या आधी. आणि दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत. दुसरं काही सांगायचं नाही याबद्दल.

एडिट कशावर केलं? आणि भीती वाटतेय की नाही हे कसं कळतं?

डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनवर. एडिट, कलर, साउंड सगळं त्यातच होतं आणि आपल्याला लागतं तेवढं सगळं त्यात आहे. फक्त चित्रातला ग्रेन काढणारं नॉइज रिडक्शन पैसेवाल्या व्हर्जनमध्ये आहे, म्हणून शूट करतानाच अंधार नीट एक्सपोज करा.

भीतीचं मात्र स्वतःला कळणं बंद होतं. महिन्याभरात तुम्ही तो सीन चारशे वेळा बघता आणि तो नुसता फळ्यांचा आवाज उरतो. मग हात शिवशिवतात, म्युझिक वाढवावंसं वाटतं, मध्येच एखादा चेहरा टाकावासा वाटतो. थांबा. कोणालातरी दाखवा, आणि स्क्रीनकडे नाही, त्यांच्याकडे बघा. आम्ही पहिला कट आजोळच्या खळ्यातच चादरीवर दाखवला, मे महिन्यात, चाळीसेक माणसं. आधीच्या एका सीनमध्ये आजी पावलं मोजते, तेवढ्यावरून पुढच्या वेळी एक सात-आठ वर्षांचं पोर आपणहून मोठ्याने मोजायला लागलं, अकरा, बारा, तेरा. चौदावं आलं आणि ते पोर आईच्या मांडीत शिरलं. मी त्या जागी म्युझिक ठेवलं होतं. त्या रात्रीच काढून टाकलं.

त्याच शोमध्ये कळलं की मधली अकरा मिनिटं नुसती बडबड होती, लोक पाणी प्यायला उठले. तीही काढली. ८५ ची ७४ झाली ती अशी.

जंप स्केअर वाईट असतो का?

जंप स्केअर म्हणजे एकदम काहीतरी समोर आणून दचकवणं. नाही, वाईट नसतो, दोन ठेवा. पंधरा ठेवले की प्रेक्षक पंधराव्याची वाट बघत बसतो, गोष्ट बघत नाही.

जुनं गाणं रेडिओवर वाजताना दाखवलं तर? किंवा एखाद्या जुन्या लेखकाची भयकथा घेतली तर?

गाण्यात दोन हक्क असतात. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि शब्द व चाल यांचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणजे १९५० ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. कथेचंही तेच, लेखक गेल्यावर ६० वर्षं, त्यामुळे आपण लहानपणी वाचलेल्या बहुतेक मराठी भयकथा अजून हक्कात आहेत. वारसांना भेटा, लेखी घ्या. आम्ही आजीकडून एक ओवी म्हणून घेतली, जात्यावरची, तिच्या आजीची. ती सगळ्यांची आहे.

स्वतःची स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करता येते, करून ठेवा.

सेन्सॉर लागतं का?

थिएटरला लावायची असेल तर लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए सर्टिफिकेटचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचं) तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, आणि हॉररवाल्यांना हे चांगलं आहे कारण आधी ए (फक्त प्रौढांसाठी) टाळायला जे कापावं लागायचं ते आता १६+ मध्ये बसू शकतं. विडी-सिगारेट असेल तर त्या शॉटवर इशारा आणि सुरुवातीला व मध्ये आरोग्याच्या जाहिराती दाखवाव्या लागतात. भीतीच्या ऐन मध्यावर तोंडाच्या कॅन्सरची पट्टी नको असेल तर विडी स्क्रिप्टमधूनच काढा. नुसतं यूट्यूबवर टाकायचं असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही.

पैसे परत आले का?

अजून नाही, सगळे नाही. दोन लाख सत्तर हजार आलेत. त्यातले जास्त आम्ही स्वतः केलेल्या शोचे आहेत, कॉलेजात, फिल्म क्लबांत, नाट्यगृहात, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, पुणे, डोंबिवली, १०० रुपये तिकीट आणि नंतर गप्पा. ओटीटीवाले बहुतेक ओळखीचा चेहरा विचारतात. एका मधल्या माणसाने ‘मी लावून देतो’ म्हणून आधी पैसे मागितले, आम्ही चाळीस हजार दिले आणि तिथून पुढे काही झालं नाही, त्याचं फार वाईट वाटलं कारण त्यात दोन मित्रांचे पैसे होते. विकून देणारा आधी पैसे मागत असेल तर देऊ नका, विकल्यावर टक्के घेऊ दे.

पैसे उभे करताना मित्र-नातेवाईकांकडून घेतले तर कागदावर लिहा, पाच हजार असले तरी. आम्ही लिहिलं होतं, बुडाले तर बुडाले असंही लिहिलं होतं, म्हणून आज सगळ्यांच्या घरी जाता येतं.

शूट संपल्यावर घराचं काय?

दोन दिवस राखून ठेवा, शेड्यूलमध्येच, आणि त्या दोन दिवसांचं जेवण बजेटमध्ये धरा. टेप काढली की चुना निघतो, तेवढे पोपडे परत रंगवायचे. खिळे काढायचे. काळं कापड धुऊन परत द्यायचं. रंग मातीच्या जमिनीत मुरतो, पुसून जात नाही, आमच्या माजघरात देवघराच्या बाजूला हातभर डाग राहिला होता. तेवढा थर खरवडून काढला, नवीन माती घालून चोपून बसवली आणि मामीबरोबर आम्ही तिघांनी पूर्ण माजघर शेणाने सारवलं. वाळायला एक दिवस लागतो, त्या दिवशी आत कोणी पाय ठेवायचा नाही, म्हणून सगळं युनिट शेवटची रात्र पडवीत झोपलं.